तंजावरचा बाजार नवा झाला, गाळ्यांचा प्रश्न जुनाच

तंजावर : स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. या अभियानातून तंजावरमध्ये जी कामे हाती घेण्यात आली, त्यांत कामराज बाजार आणि सरफोजी बाजार या दोन महापालिका बाजारांची पुनर्बांधणी नागरिकांच्या रोजच्या व्यवहाराशी सर्वाधिक निगडित आहे. इमारतींसाठी अभियानाचा निधी मिळाला. त्या चालविण्याचा, झाडलोटीचा, विजेचा आणि दुरुस्तीचा खर्च मात्र यापुढे शहरालाच सोसावा लागणार आहे. हा खर्च भागविण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे गाळ्यांचे भाडे. त्यामुळे येथील बाजारात उद्या कोण बसेल, हे बऱ्याच अंशी भाड्याच्या या हिशेबावर अवलंबून आहे.

तंजावरची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. त्याच यादीत नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि तेव्हाचे औरंगाबाद ही महाराष्ट्रातील शहरे होती. अभियानानुसार प्रत्येक शहराला केंद्राकडून कमाल ५०० कोटी रुपये आणि तेवढाच वाटा राज्य व स्थानिक संस्थेकडून अपेक्षित होता. २०११ च्या जनगणनेनुसार तंजावरची लोकसंख्या सुमारे २ लाख २३ हजार आणि नगरपालिकेची महापालिका झाली ती २०१४ मध्ये. एवढ्या शहराच्या मानाने ही रक्कम मोठी, पण ती एकदाच मिळणारी.

उत्पन्न वाढविण्यासाठी एक पर्याय कोणत्याही सल्लागाराला सहज सुचेल. राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वर मंदिर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दर्शनाला येणारा पर्यटक खर्च करण्याच्या तयारीने येतो. त्याच्यासाठी फरसबंद चौक, कारंजी, उपाहारगृहे आणि नामांकित ब्रँडची दुकाने असलेले उंची खुले खरेदी संकुल का उभारू नये? कल्पना आकर्षक आहे आणि नवीनही नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९२३ मध्ये सुरू झालेले कंट्री क्लब प्लाझा हे या प्रकारचे आद्य उदाहरण मानले जाते. स्पेनमधील सेव्हिलच्या धर्तीवर मनोरे आणि चौक उभारून तेथे गावाच्या बाजाराचा आभास निर्माण करण्यात आला. खऱ्या बाजाराशी त्याचा फरक मालकीत होता. जागा एकाची, आणि भाडेकरू कोण असावेत हे ठरविणाराही तोच.

महाराष्ट्राला हा फरक मुंबईच्या गिरणगावाने दाखविला. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात पुढे हाय स्ट्रीट फिनिक्स उभे राहिले. त्याचे नाव रस्त्याचे, जागा खासगी. गिरण्यांच्या जमिनीबाबत १९९१ च्या विकास नियमावलीत महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे अपेक्षित होते. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. शहराच्या हाती किती जमीन येणार, याचा निकाल एका कलमातील शब्दांनी लावला. भाडेपट्टा करताना तंजावरने हे विसरू नये.

तंजावरमध्ये गमावण्यासारखे बरेच आहे. सोन्याचा वर्ख लावलेली चित्रे, चांदीचे उठावकाम असलेली थाळी, मान डोलावणारी बाहुली आणि वीणा या चारही वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन नावाचे रक्षण करते. विक्रीला जागा देत नाही. जाहीर लिलावात गाळा सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे जातो आणि बाहुल्या घडविणारे कुटुंब मोबाइल किंवा तयार कपड्यांच्या साखळी दुकानाशी स्पर्धा करू शकत नाही. परिणामी पर्यटकाला तंजावरमध्ये तेच मिळेल, जे त्याला चेन्नईत मिळते. मग त्याने येथे थांबावे कशाला? उंचीपणाचा अर्थ महाग गाळे एवढाच घेतला, तर हा सौदा महापालिकेलाही तोट्याचा आहे.

दिल्लीत १९९४ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटने वेगळी वाट धरली. तेथे कारागिरांना पंधरवड्यापुरते गाळे फेरपालटीने दिले जातात आणि प्रवेशशुल्क घेतले जाते. तंजावरमध्येच दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय असल्याने असा प्रयोग येथे अवघड नाही. मात्र हा उपाय कारागिरांपुरता आहे. रोज पहाटे भाजी उतरवून घेणाऱ्याला पंधरा दिवसांचा गाळा निरुपयोगी आहे. त्याला कायमची जागा आणि परवडणारे भाडेच हवे.

बाजाराबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्यांची स्थिती आणखी निराळी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समितीत त्यांना किमान ४० टक्के प्रतिनिधित्व दिले असून सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना हटविता येत नाही. पक्क्या गाळ्याच्या भाडेकरूला या कायद्याचे संरक्षण नाही. त्याचा सारा आधार करारपत्रावर.

रचनेचेही बंधन आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. शिवाय येथील सर्वांत मोठा खरेदीचा हंगाम, म्हणजे दिवाळी, ईशान्य मोसमी पावसातच येतो. आकाशाखालचा चौक चित्रात शोभतो. ऐन गर्दीच्या आठवड्यात ग्राहक छपराखालीच उभा राहणार. जुन्या दक्षिणी पेठांतील खांबांची ओसरी याच गरजेतून आली.

मराठी वाचकाला सरफोजी हे नाव परके नाही. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये मोठ्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. बाजारावर हे नाव राहीलच. गाळ्यांतील काही हिस्सा मानांकित कलांसाठी राखीव ठेवायचा का, जुन्या भाडेकरूंना बोलीविना प्रथम हक्क द्यायचा का आणि भाडेवाढीला मर्यादा घालायची का, हे तीन मुद्दे महापालिकेने गाळ्यांच्या निविदेपूर्वी लेखी स्पष्ट करायला हवेत. करार झाल्यानंतर ते बदलण्यास फारसा वाव उरत नाही.