विमानतळावरची वसुली

कर्जबुडव्यांना न्यायालयानेच परदेशाची वाट मोकळी करून दिली, ही ओरड मुंबई उच्च न्यायालयाच्या २३ एप्रिल २०२४ च्या निकालापासून सुरू आहे. सरकारी बँकांच्या प्रमुखांना लुकआउट सर्क्युलर, म्हणजे प्रवाशाला विमानतळावर अडवण्याची सूचना, काढायला लावण्याचा जो अधिकार मिळाला होता, तो न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने त्या दिवशी रद्द केला. त्या अधिकारातून निघालेली सर्क्युलरही मोडीत निघाली. बँकिंगमध्ये उभी हयात घालवलेल्या एका टीकाकाराने आता या ओरडीला नवे रूप दिले आहे. त्यांच्या मते हा निकाल संदिग्ध आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बँकांचा अधिकार गेला, पण ज्यातून तो आला होता ते गृहमंत्रालयाचे मूळ ज्ञापन राहिले. कर्ज वसुली न्यायाधिकरणांचे आणि फौजदारी न्यायालयांचे मनाई आदेशही कायम राहिले. मग विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कुणाला अडवायचे आणि कुणाला सोडायचे? मुंबईचा निकाल चेन्नईत चालतो का? या गोंधळात जनतेचा पैसा घेऊन लोक पळतील, म्हणून बँकांना तो अधिकार परत द्या.

चेन्नईचा प्रश्न एका ओळीत निकालात निघतो. केंद्रीय कायद्याच्या घटनात्मकतेवर एखाद्या उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय देशभर लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या कुसुम इंगॉट्स खटल्यात म्हटले आहे. मग मंत्रालयाच्या ज्ञापनाला वेगळा न्याय कशासाठी? न्यायाधिकरणाचे आदेश कायम ठेवण्यातही विसंगती नाही. न्यायपीठाने दिलेला आदेश आणि घेणेकऱ्याने लिहिलेले पत्र यांतला फरक न्यायालयाने ओळखला, इतकेच.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि टीकाकार त्याच्या जवळही फिरकत नाहीत. कर्ज हा करार आहे आणि बँक त्या कराराची एक बाजू आहे. २०१८ पासून या एका बाजूच्या प्रमुखाला दुसऱ्या बाजूचा परदेशी जाण्याचा घटनादत्त हक्क रोखण्याची सोय मिळाली. त्याने इमिग्रेशन ब्युरोला कळवायचे, संगणकात नोंद व्हायची आणि ज्याच्याविरुद्ध ती झाली त्याला नोटीस देण्याची तरतूदच नाही. त्याला ते कळते थेट इमिग्रेशन काउंटरवर. हातात बोर्डिंग पास, सामान आधीच बेल्टवरून पुढे गेलेले. अधिकारी पासपोर्ट स्कॅन करतो, पडद्याकडे बघतो आणि बाजूला उभे राहायला सांगतो. विमान सुटते, माणूस ऑफलोड होतो. कारण विचारावे तर ज्यांनी सर्क्युलर काढायला लावले त्यांच्याकडे जा, असे उत्तर. ज्ञापनानेच कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. आणि ते कोण? तीच बँक, जिला पैसे हवे आहेत.

त्यात हा माणूस कर्जदारच असेल असेही नाही. नातेवाइकाच्या कंपनीसाठी हमीपत्रावर सही केलेला हमीदार असू शकतो, कधीच राजीनामा दिलेला संचालकही असू शकतो. २०१० च्या ज्ञापनात सर्क्युलरची मुदत साधारण एक वर्षाची होती. २२ फेब्रुवारी २०२१ च्या एकत्रित ज्ञापनाने तीही काढून टाकली. काढायला लावणारा जोवर मागे घ्यायला सांगत नाही, तोवर सर्क्युलर कायम. म्हणजे दावा बँकेचा, शिक्षा बँकेची आणि सुटकेची तारीखही बँकेच्या मर्जीवर. गावच्या सावकाराने देणेकऱ्याला एसटीतून खाली ओढले तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. तेच राष्ट्रीयीकृत बँकेने सरकारी संगणकातून केले की त्याला वसुली म्हणायचे, हा कुठला न्याय? तेवढीच रक्कम खासगी बँकेची थकली तर त्या बँकेच्या प्रमुखाला हा अधिकार नव्हता. देणेकरी तोच, कर्ज तेवढेच आणि हक्क मात्र घेणेकरी बघून बदलणार. हा भेदभाव समानतेच्या कसोटीवर टिकला नाही, यात नवल नाही.

आता पळून जाण्याविषयी. विजय मल्ल्या २ मार्च २०१६ रोजी देशाबाहेर गेले, तेव्हा त्यांच्या नावाचे सर्क्युलर अस्तित्वात होते. केंद्रीय तपास यंत्रणेने ते काढायला लावले होते आणि तिनेच ‘अडवा’ऐवजी ‘फक्त कळवा’ असे ते सौम्य केले होते. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ रोजी गेले. बँकेची तक्रार आली २९ जानेवारीला. पहिल्या प्रकरणात अधिकार होता, वापरला नाही. दुसऱ्यात बँकेला आपण लुटले गेलो याचा पत्ताच नव्हता. या दोन नावांची भीती घालून हमीदारांचे पासपोर्ट अडवणे हा लोकांच्या संतापाचा गैरवापर आहे.

मर्जीने माणसाचा प्रवास रोखण्याचा युक्तिवाद या देशाने पूर्वीही ऐकला आहे. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता, तो द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी, असे एकेकाळी सरकारच न्यायालयात सांगत होते. १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळले आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तर हा हक्क हिरावण्याची रीतही न्याय्य असली पाहिजे, हे पक्के केले. इतक्या वर्षांनी पुन्हा मर्जीच्या राज्याची भाषा करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

संदिग्धता आहेच, पण ती ज्ञापनात आहे. दखलपात्र गुन्हा नसेल तर व्यक्तीला अडवता येणार नाही, फक्त तिच्या येण्याजाण्याची माहिती मागता येईल, असे एक कलम सांगते. पुढचेच एक कलम देशाच्या ‘आर्थिक हितसंबंधां’ना बाधा येत असेल तर अपवाद करते. किती रकमेने देशाच्या हिताला बाधा येते, हे कुठेही लिहिलेले नाही. न्यायालयाने बँकांचे नाव यादीतून खोडले. हा शब्दप्रयोग मात्र शाबूत राहिला. उद्या बँकेने दुसऱ्या एखाद्या यंत्रणेला पुढे करून तेच काम करून घेतले तर? ही भीती रास्त आहे. तिचे उत्तर बँकांना अधिकार परत देण्यात नाही.

ते कायद्यात आहे. निकालानेही केंद्राला योग्य कायदा करण्यापासून अडवलेले नाही. नमुनाही तयार आहे: पासपोर्ट जप्त करताना कारणे लेखी नोंदवावी लागतात, त्याविरुद्ध अपील करता येते. प्रवासबंदीलाही हेच लागू व्हावे. आदेश स्वतंत्र अधिकाऱ्याचा, कारणे लेखी, मुदत ठरलेली, अपील खुले. कर्ज वसुली न्यायाधिकरणाला प्रवास रोखता येतो की नाही, या जुन्या वादाचा निकालही त्याच कायद्यात लागावा.

हे काम संसदेचे आहे आणि ते तिने लांबवू नये. तोवर ज्या बँकेला देणेकरी पळेल अशी खरी धास्ती आहे, तिने पुरावे घेऊन न्यायालयात जावे. मुंबईच्या निकालाने तो रस्ता बंद केलेला नाही.