मतदान न करणे हा निषेध ठरतो का? पलूस-कडेगावच्या ‘नोटा’तून मिळणारे उत्तर

२०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील या मतदारसंघात ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि त्याची चर्चा राज्यभर झाली. त्याच दिवशी घरी बसून राहिलेल्यांची नाराजी मात्र कुठेच नोंदली गेली नाही.

लोकसभेच्या गेल्या निवडणुकीत, ७ मे २०२४ रोजी, सातारा आणि सांगली या दोन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. साताऱ्यात सुमारे ६३ टक्के, तर सांगलीत सुमारे ६२ टक्के. साताऱ्यात विजयी झालेले उदयनराजे भोसले यांना ५ लाख ७१ हजार १३४ मते पडली. सांगलीत विजयी झालेले विशाल पाटील यांना ५ लाख ७१ हजार ६६६. दोन्ही मतदारसंघांत मतदान न केलेल्यांची संख्या प्रत्येकी सात लाखांच्या आसपास होती. म्हणजे दोन्हीकडे विजेत्यापेक्षा मोठा गट मतदान केंद्राकडे फिरकलाच नाही.

ही सात लाख माणसे नाराज होती का? ‘सगळे सारखेच, कशाला मत द्यायचे’ असे पारावर आणि चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येते. पक्ष फुटले, चिन्हे बदलली, काल एकमेकांविरुद्ध लढणारे आज एका व्यासपीठावर दिसू लागले. या सगळ्यावर मत न देणे हाच आपला निषेध, असे मानणारा वर्ग वाढतो आहे. या निषेधाची दखल कुणी घेते का, हा खरा प्रश्न आहे.

गैरहजेरीचा अर्थ का लागत नाही?

मतदार यादीत ज्या नावापुढे मतदानाची खूण होत नाही, त्याचे कारण कुठेही लिहिले जात नाही. सातारा-सांगलीच्या याद्यांत अशी कारणे अनेक असतात. पाटण, जावळीतला माथाडी कामगार नवी मुंबईत असतो. खानापूर, आटपाडीतले गलाई व्यावसायिक देशभरातल्या शहरांत सोन्याचांदीची दुकाने सांभाळत असतात. कुणी पुण्यात नोकरीला असतो, कुणाचे लग्न होऊन गाव बदललेले असते, तर कुणाचे निधन होऊनही नाव यादीतच राहिलेले असते. त्यांच्याच रांगेत तोही मतदार बसतो, जो ठरवून घरी थांबला.

मतमोजणीनंतर उमेदवाराचे कार्यकर्ते बूथनिहाय आकडे घेऊन बसतात. कोणत्या गावात किती पडली, कुठे मागे राहिलो, याचा हिशेब लागतो. न पडलेल्या मतांचा एकच अर्थ काढला जातो, तो म्हणजे ‘माणसे बाहेर काढण्यात आपण कमी पडलो’. पुढच्या वेळी जास्त गाड्या लावायच्या, एवढाच त्यातून घेतलेला धडा. उमेदवार चुकला, धोरण चुकले, असे त्या आकड्यातून कुणी वाचत नाही आणि वाचायचे म्हटले तरी वाचता येत नाही.

पलूस-कडेगावात नेमके काय घडले?

पलूस-कडेगाव हा कदम आणि देशमुख या दोन घराण्यांच्या जुन्या लढतीसाठी ओळखला जाणारा मतदारसंघ. मार्च २०१८ मध्ये पतंगराव कदम यांचे निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत भाजपच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि विश्वजित कदम बिनविरोध आमदार झाले. दिवंगत नेत्याविषयीचा आदर म्हणून या निर्णयाचे स्वागतही झाले. पण त्या वेळी मतदारसंघातील एकाही मतदाराला बटण दाबावे लागले नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ नुसार जागेइतकेच उमेदवार उरले तर मतदान होत नाही. मतदान नाही, म्हणजे ‘नोटा’ही नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. भाजप-शिवसेनेच्या जागावाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली, त्यामुळे देशमुख गटाचा उमेदवार रिंगणात उरला नाही. निकाल लागला तेव्हा विश्वजित कदम यांना १ लाख ७१ हजार ४९७ मते होती. दुसऱ्या क्रमांकाचा आकडा होता ‘नोटा’चा, २० हजार ६३१. शिवसेनेच्या उमेदवाराला ८ हजार ९७६ मते मिळाली. लातूर ग्रामीणमध्येही त्याच दिवशी ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिले.

हे २० हजार मतदार घरी बसले असते, तर मतदानाची टक्केवारी थोडी घसरली असती आणि दुसऱ्या दिवशी कुणाला त्याची आठवणही राहिली नसती. ते केंद्रावर गेले, रांगेत उभे राहिले, बोटाला शाई लावून घेतली आणि ‘यांपैकी कुणीही नाही’ असे नोंदवून आले. म्हणून त्यांचा आकडा आजही निवडणूक आयोगाच्या निकालपत्रात आहे. राजकीय पक्षांनीही तो वाचला. जागावाटपात आपल्याला पर्यायच ठेवला नाही, अशी ही नाराजी असल्याचा अर्थ त्या वेळी सर्रास काढला गेला. यातली किती मते आपोआप पडली आणि किती ठरवून पाडली गेली, यावर वाद होऊ शकतो. पण वाद घालायला एक ठोस आकडा हाताशी आहे.

२०२४ मध्ये याच मतदारसंघात भाजपचा उमेदवार उभा राहिला. लढत सरळ झाली, भाजपला लाखभर मते मिळाली आणि कदम यांचे मताधिक्य दीड लाखावरून सुमारे ३० हजारांवर आले. पर्याय समोर येताच मतदार त्याच्याकडे वळल्याचे यातून दिसते.

‘नोटा’ला कायद्यात किंमत किती?

येथे गैरसमज बरेच आहेत. पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला आणि मतदान यंत्रावर ‘नोटा’चे बटण आले. त्याआधी कुणालाच मत द्यायचे नसेल तर नियम ४९-ओ होता. त्यात मतदाराला केंद्रावरील अधिकाऱ्याला तसे सांगून नोंदवहीत सही करावी लागे. गावात हे गुपित राहणे अशक्यच. नकारही गुप्त असला पाहिजे, हे न्यायालयाने मान्य केले आणि अशा नकाराच्या दबावामुळे पक्ष चांगले उमेदवार देतील, अशी अपेक्षा व्यक्त केली.

पण लोकसभा आणि विधानसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे, तोच विजयी होतो. अनामत रक्कम वाचवण्यासाठी लागणाऱ्या एक षष्ठांश वैध मतांतही ‘नोटा’ धरला जात नाही. इंदूरने हे २०२४ मध्ये पाहिले. तेथे काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली आणि ‘नोटा’ला तब्बल २ लाख १८ हजार ६७४ मते पडली. निकाल मात्र बदलला नाही. भाजपचे उमेदवार ११ लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले.

स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्राने एक पाऊल पुढे टाकले. काही ग्रामपंचायतींत ‘नोटा’ला विजेत्यापेक्षा जास्त मते पडत होती. लांजा तालुक्यातील खावडी येथे सरपंचपदी निवडून आलेल्या उमेदवाराला १३० मते होती, तर ‘नोटा’ला २१०. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने ठरवले की, ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीतही तेच झाले, तर मात्र उमेदवारांतील पुढचा विजयी. म्हणजे स्थानिक पातळीवर नकाराला एकदा तरी निकाल थांबवण्याची ताकद मिळाली, विधानसभेला आणि लोकसभेला ती नाही.

घरी बसण्याला अर्थ कधी येतो?

नियमात किमान मतदानाची अट असेल, तेव्हा. इटलीत एखादा कायदा रद्द करण्यासाठीचे सार्वमत वैध ठरण्यासाठी निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान करावे लागते. त्यामुळे प्रस्तावाला विरोध करणारे लोकांना उघडपणे घरी थांबायला सांगतात. जून २०२५ मधील सार्वमत असेच मतदान कमी झाल्याने निष्फळ ठरले. सर्बियात २००२ आणि २००३ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुका मतदान निम्म्यापर्यंत न पोहोचल्याने रद्द झाल्या. शेवटी ती अटच काढून टाकावी लागली.

महाराष्ट्राच्या गावांनाही असा एक नियम परिचित आहे. दारूबंदीसाठी महिला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान करतात. दुकान बंद होण्यासाठी यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई त्या दिवशी शेतात गेली किंवा दबावाने घरी राहिली, तिची गैरहजेरी दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. तिच्या मनात काय होते, हे नियम विचारत नाही.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत अशी अटच नाही. तीस टक्के मतदान झाले काय किंवा ऐंशी टक्के, निवडून आलेल्याचे अधिकार तेवढेच राहतात. त्यामुळे ‘आम्ही गेलो नाही म्हणजे यांना मान्यता नाही’ हा दावा नैतिकदृष्ट्या कुणाला पटला तरी व्यवहारात त्याचा परिणाम शून्य राहतो. उलट, न आलेल्यांमुळे आलेल्यांच्या मताचे वजन वाढते. साताऱ्यात उदयनराजे ३२ हजार ७७१ मतांनी जिंकले. त्याच निवडणुकीत ‘पिपाणी’ म्हणून गाजलेल्या, ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशी साधर्म्य असलेल्या चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजार ६२ मते पडली. एवढ्या फरकावर निकालाची वर्षभर चर्चा होते. तिथे सात लाख गैरहजर मतदार कुणाच्या हिशेबातही नसतात.

गावाच्या बहिष्काराचे काय?

एकट्याने घरी बसणे आणि अख्ख्या गावाने जाहीर बहिष्कार टाकणे, यांत मोठा फरक आहे. बहिष्कार टाकणारे गाव ग्रामसभेत ठराव करते, तहसीलदारांना निवेदन देते, वेशीवर फलक लावते. रस्ता, पाणी, पुनर्वसन अशी एकच मागणी पुढे असते आणि तारीख ठरलेली असते. म्हणून प्रशासन मतदानाआधी गावात येते, लेखी आश्वासन देते. येथे परिणाम घडवते ती मागणी. मतदान न करणे हे तिचे फक्त साधन. मात्र बहिष्काराच्या नावाखाली मत देऊ इच्छिणाऱ्या शेजाऱ्याला अडवणे हा गुन्हा आहे, हेही गावाने लक्षात ठेवायला हवे.

जत तालुक्याने हे वेगळ्या मार्गाने दाखवून दिले. पूर्व भागातील गावे वर्षानुवर्षे म्हैसाळ योजनेच्या पाण्यापासून वंचित होती. पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ, असा ठराव काही गावांनी पूर्वीच केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याचा उल्लेख केला आणि एकच खळबळ उडाली. त्यानंतर काही आठवड्यांतच विस्तारित म्हैसाळ योजनेला गती देणारे निर्णय झाले. आटपाडीत तर १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा सातत्याने भरत राहिल्या. त्यामागे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे लोक होते. टेंभूचे पाणी आटपाडीपर्यंत येण्यात या चिवटपणाचा वाटा मोठा आहे.

या मातीत नकाराची परंपरा आणखी जुनी आहे. आज पलूस तालुक्यात असलेले कुंडल हे प्रतिसरकारचे केंद्र होते. त्या लोकांनी इंग्रजांचे राज्य नाकारले, पण ते नाकारून घरी बसले नाहीत. त्यांनी स्वतःची न्यायदान मंडळे चालवली, तुफान सेना उभी केली. स्वातंत्र्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले.

सांगलीने २०२४ मध्ये काय दाखवले?

महाविकास आघाडीच्या जागावाटपात सांगली शिवसेना ठाकरे गटाकडे गेली. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांत तीव्र नाराजी होती. ‘सगळे ठरवून झाले, आता मत कशाला’ असे म्हणायला इतके सोयीचे निमित्त दुसरे नव्हते. पण विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि नाराज मतदाराने लिफाफा या चिन्हाचे बटण दाबले. ते १ लाख ५३ मतांनी निवडून आले आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामत रक्कमही वाचली नाही. मुंबई-दिल्लीत बसून जागा वाटणाऱ्यांना याहून स्पष्ट भाषेत उत्तर देता आले नसते.

अर्थात, प्रत्येक ठिकाणी वसंतदादांच्या घराण्यातला अपक्ष मिळत नाही. बहुतेक मतदारसंघांत समोरची यादीच निराश करणारी असते. तिथे ‘नोटा’ हा अपुरा असला तरी हाताशी असलेला मार्ग आहे. तो आणखी परिणामकारक व्हायला हवा. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी जो नियम ठरला, तो विधानसभेला आणि लोकसभेला का नको, हा प्रश्न उमेदवारांना प्रचारसभेतच विचारता येईल. एकच उमेदवार उरला तरी त्याला ‘नोटा’शी लढायला लावावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली आहे. पलूस-कडेगावच्या मतदारांना २०१८ मध्ये ती संधी मिळाली नव्हती.

मत न देण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे आणि देशात त्याबद्दल कुणाला दंड होत नाही. होऊही नये. पण हक्क बजावणे वेगळे आणि निषेध नोंदवणे वेगळे. नाराजी खरी असेल तर ती मोजली जाईल अशा जागी नेऊन ठेवावी लागते. त्यासाठी मतदान केंद्रापर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावे लागतात. २०१९ मध्ये पलूस-कडेगावच्या २० हजार ६३१ जणांनी ते घेतले. त्यांचा उमेदवार कुणी नव्हता, तरी त्यांचे मत मोजले गेले.