जुना लॅपटॉप, कांजी आणि हरवलेली किल्ली

प्रयोगशाळेच्या मागील अडगळीच्या खोलींत गेलीं कांहीं वर्षें सहा लॅपटॉप एकावर एक रचून ठेविलेले आहेत. एका माजी विद्यार्थ्यानें आपल्या कचेरींतील यंत्रें बदललीं, तेव्हां जुनीं शाळेस भेट दिलीं. तीं सुमारें २००९ सालचीं असावींत. भंगारापलीकडे त्यांस किंमत नाहीं, हें भंगारवाल्यानें वजनकाट्यावर हात ठेवून आम्हांस सांगितलें आहे. यंदां तीं काढून टाकण्याचें ठरलें. तेव्हां निदान एक यंत्र तरी आम्हांस वापरून पाहूं द्यावें, अशी विनंती आमच्या विज्ञानमंडळानें केली व ती मान्य झाली. त्या एका यंत्रापायीं आमचें जें मत बनलें, तें वाचकांपुढें मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

यंत्र हवें होतें तें कांजीसाठीं. गाजर, बीट, कुटलेली मोहरी, मीठ व पाणी बरणींत घालून ठेविलें म्हणजे तीनचार दिवसांत जें आंबट व नाकांत झणझणणारें पेय तयार होतें, त्यास उत्तर भारतांत कांजी म्हणतात. आंबविण्याचें काम दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंचें; आणि हे जंतु उष्णतामानाच्या बाबतींत मोठे मानी असतात. उकाड्यांत जें तीन दिवसांत होतें, त्यास थंडींत आठवडाही लागतो. तेव्हां बरणीचें उष्णतामान दर दहा मिनिटांनीं, रात्रीं व रविवारींसुद्धां, नोंदलें जावें अशी आमची इच्छा. डीएस१८बी२० नांवाचा एक इवलासा उष्णतामापक थोड्या पैशांत मिळतो व अर्ध्या अंशापर्यंत भरंवशाचा असतो. तो बरणीच्या अंगास बांधला, आर्डुइनोच्या पाटीस जोडला, व ती पाटी लॅपटॉपला जोडली कीं नोंद सुरू.

हा प्रकार आम्हीं नवा शोधून काढला नाहीं. इंग्लंडांत १९६३ सालीं व अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें घरीं बियर आंबविण्याची मोकळीक मिळाली, आणि तेथील हौशी लोक आज आपल्या पिंपांस असेच उष्णतामापक बांधून संगणकावर आलेख काढीत बसतात. (आमच्या राज्यांत परवान्यावांचून मद्य करणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें गुन्हा आहे, आणि शाळेंत तर तो विचारही नको, म्हणून कांजी.) गंमत अशी कीं, ‘होमब्रू’ म्हणजे घरीं आंबविलेलें, हाच शब्द बिनतारी संदेशाच्या हौशी मंडळींनीं आपण स्वतः जुळविलेल्या यंत्रांस लाविला, आणि ५ मार्च १९७५ रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें एका गॅरेजांत संगणकप्रेमींची जी पहिली सभा भरली, तींतून उभ्या राहिलेल्या मंडळानेंही ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ हेंच नांव घेतलें. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनीं आपला पहिला अॅपल संगणक ह्याच मंडळींस दाखविला होता. तेव्हां बरणी, बिनतारी आणि संगणक हीं तीन एकाच खोलींत आणण्यांत आम्हीं कांहीं विपरीत केलें असें नाहीं.

असो. नोंद होऊं लागली, पण ती खोलीबाहेर कशी यावी? खोलीस रविवारीं कुलूप. तार न्यावयाची तर भिंतीस भोंक पाडावें लागतें, आणि त्यास मुख्याध्यापकांची संमति नव्हती. राहिला मार्ग बिनतारीचा, ज्यास सर्व लोक वायफाय म्हणतात. लॅपटॉपवर आम्हीं डेबियन नांवाची लिनक्स प्रणाली बसविली होती. ती विनामूल्य आहे व जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकीं चालते. पडदा उजळला, कळा चालल्या, ध्वनि निघाला. बिनतारी मात्र मुकी ती मुकीच.

हें मुकेपण कशाचें, हें समजण्यास आम्हांस दोन दिवस लागले. यंत्रांतील प्रत्येक भागाशीं प्रणालीस बोलावें लागतें, आणि त्या बोलण्याचा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आमच्या यंत्राचा दुभाषा हजर होता. परंतु बिनतारीच्या चिपेंत स्वतःचाही एक लहानसा संगणक असतो. यंत्र सुरू होतांच त्या संगणकास त्याचा कार्यक्रम बाहेरून पाजावा लागतो, आणि त्या कार्यक्रमास फर्मवेअर म्हणतात. आमच्याजवळ नव्हतें तें हें फर्मवेअर. प्रणालीच्या नोंदवहींत तसें स्पष्ट लिहिलें होतें: अमुक नांवाची फाइल हवी, ती सांपडली नाहीं. ती मिळते कोठें? आंतरजालावर. आणि आंतरजालाशीं जोडावयाचें कशानें? बिनतारीनें. विहिरींत पडलेला पोहरा काढावयास दोर हवा, आणि दोर तर पोहऱ्याबरोबरच पाण्यांत गेलेला!

अखेर आमच्या विज्ञानाच्या बाईंनीं आपला फोन तारेनें लॅपटॉपला जोडून दिला. फोनाचें आंतरजाल तारेवाटे यंत्रांत आलें, फाइल उतरली, आणि आम्ही विजयाच्या आनंदांत पाहतों तों बिनतारी अद्याप बंदच. आणखी एक दुपार नोंदवह्या वाचण्यांत गेली. शेवटीं प्रयोगशाळेचे मामा यंत्र पुसावयास आले. त्यांनीं कडेचें एक बारीक बटण बोटानें सरकविलें व विचारलें, ‘हें काय आहे रे?’ तें बिनतारी बंद-चालू करण्याचें बटण होतें. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपांना तें असे. ह्या शेवटच्या विलंबाचा दोष कोणाकडेही न देतां आम्ही आपल्या पदरीं घेतों.

परंतु पहिल्या विलंबाचा दोष आमचा नव्हे, आणि त्याविषयींच आम्हांस बोलावयाचें आहे. जी फाइल नसली तर यंत्र मुकें, ती प्रणालीबरोबरच कां येत नाहीं?

ह्या प्रश्नावर डेबियनच्या मंडळींत अनेक वर्षें वाद होता. हा प्रकल्प १९९३ सालीं सुरू झाला, आणि १९९७ सालीं त्यांनीं लोकांशीं एक जाहीर करार केला, कीं आमची प्रणाली पूर्णपणें मुक्त राहील, म्हणजे तिचें मूळ लेखन कोणासही वाचतां व बदलतां येईल. फर्मवेअर बहुधा बंदिस्त असतें. कंपनी तें केवळ यंत्राच्या भाषेंत देते, मूळ लेखन देत नाहीं. म्हणून अधिकृत प्रतींत त्यास जागा नव्हती. ज्यास गरज असेल त्यानें तें वेगळें शोधावें किंवा अनधिकृत प्रत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्यें सभासदांनीं मतदान करून करारांत दुरुस्ती केली, आणि जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून असें फर्मवेअर अधिकृत प्रतींतच येऊं लागलें.

ज्यांनीं ह्या दुरुस्तीस विरोध केला त्यांची थट्टा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. मुक्त प्रणालीची सारी चळवळच मुळीं अशा एका मुक्या यंत्रापासून निघाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी ह्या संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचें नवें छपाईयंत्र आलें. कागद अडकला म्हणजे यंत्रानें सर्वांस तसें कळवावें, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन ह्यांस करावयाची होती. जुन्या यंत्राच्या बाबतींत त्यांनीं ती केलीही होती. नव्याच्या कार्यक्रमाचें मूळ लेखन ज्या गृहस्थापाशीं होतें, त्यानें तें कोणास न देण्याचा शब्द कंपनीस दिला होता, म्हणून त्यानें नकार दिला. तो नकार स्टॉलमन ह्यांच्या मनाला लागला, आणि १९८३ सालीं त्यांनीं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ज्यांनीं हा इतिहास पाठ केला आहे, त्यांस बंदिस्त फाइलीस दारांतून आंत घेणें जड जाणारच.

तरीसुद्धां आमच्या मतें २०२२ चा निर्णय योग्य होता. ज्याच्यापाशीं एकच जुनें यंत्र आहे, फोनाची तार जोडून देणाऱ्या बाई नाहींत, आणि जो प्रथमच मुक्त प्रणाली बसवून पाहत आहे, त्याच्या हातीं मुकें यंत्र देऊन आपण त्यास तत्त्व शिकवीत नाहीं. केवळ परत पाठवितों. जेवावयास बोलावून पाट न मांडण्यासारखें तें आहे.

मात्र आमची तक्रार ह्या निर्णयानें मिटत नाहीं. कारण आमच्या यंत्राचें फर्मवेअर त्या नव्या प्रतींतही नव्हतें! डेबियनची मंडळी तींच फाइल आंत ठेवूं शकतात, जी इतरांस वांटण्याची परवानगी मूळ कंपनीनें दिली आहे. आमच्या चिपेच्या कंपनीनें (तिचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं) ती कधीं दिली नाहीं. तिनें ड्रायव्हराची माहितीही दिली नव्हती. तेव्हां स्वयंसेवकांनीं काय करावें? एका गटानें कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते ह्याचें केवळ वर्णन लिहून काढलें. दुसऱ्या गटानें मूळ ड्रायव्हराकडे न पाहतां तें वर्णन वाचून नवा लिहिला, म्हणजे चोरीचा आळ येऊं नये. आणि फर्मवेअरसाठीं कंपनीच्याच जुन्या ड्रायव्हराचें पोट चिरून तो भाग कापून काढणारें एक लहानसें साधन तयार केलें. आमच्या फोनाच्या तारेवाटे आलें तें हेंच साधन, आणि त्यानें कापून काढलेला हा तुकडा. विकत घेतलेल्या वस्तूस बोलतें करण्यासाठीं एवढा खटाटोप!

कंपन्यांच्या बाजूनें एक उत्तर दिलें जातें, व तें पोकळ नाहीं. बिनतारीच्या लहरी सर्वांच्या सामाईक असतात. चिपेचा कार्यक्रम कोणीही बदलूं लागला, तर लहरींचा जोर मर्यादेबाहेर जाईल व शेजाऱ्यापाजाऱ्यांस उपद्रव होईल. भारत सरकारनें २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्यापासून मोकळा केला, तोही जोराची मर्यादा घालूनच. हें सर्व खरें. पण ह्या उत्तरानें एवढेंच सिद्ध होतें कीं, फाइल बदलूं देऊं नये. जशीच्या तशी फाइल एकानें दुसऱ्यास दिली, तर लहरींचा जोर तसूभरही वाढत नाहीं. इंटेल कंपनीच्या बिनतारी चिपांचें फर्मवेअरही बंदिस्तच आहे, परंतु तें न बदलतां वांटण्याची तिनें मुभा दिली आहे. अथेरॉस कंपनी तर २००८ सालीं ह्याहून पुढें गेली; तिनें आपल्या नव्या चिपांचा ड्रायव्हरच मुक्त करून टाकला, आणि त्यांस असें बाहेरून पाजावयाचें फर्मवेअर लागतही नाहीं. म्हणजे आमच्या लॅपटॉपच्याच वयाचीं कांहीं यंत्रें आज कोणाची मनधरणी न करतां बोलूं लागतात, आणि आमचें बोलत नाहीं. हा फरक विद्युच्छास्त्राचा नव्हे, परवान्याच्या एका परिच्छेदाचा आहे.

आमच्यांतील दोघां सभासदांचें म्हणणें असें कीं, एवढा वाद घालण्यापेक्षां तीनचारशें रुपयांची बाहेरून लावावयाची बिनतारी कांडी आणावी. एका यंत्रापुरतें तें शहाणपणाचें आहे. सहा यंत्रांस सहा कांड्या, आणि त्या कांड्यांतही पुन्हां एक चिप व तिचें एक फर्मवेअर! आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: तळहाताएवढा नवा संगणक ह्याच कामास ह्या लॅपटॉपहून पुष्कळच कमी वीज घेईल. परंतु तो विकत आणावा लागेल, आणि लॅपटॉप आमच्या अडगळींत आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं, निरुपयोगी झालेल्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे. चांगलें झालें. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, यंत्र कचरा होण्यापूर्वींचीही कांहीं जबाबदारी असावी. ज्या दिवशीं एखाद्या चिपेची विक्री बंद होईल, त्या दिवशीं तिचें फर्मवेअर आहे तसें वांटण्याची परवानगी कंपनीनें द्यावी. गुपित फोडण्यास आम्ही सांगत नाहीं. कुलूप ज्यास विकलें त्याच्या हातीं किल्ली असावी, इतकेंच.

आतां कांजीचें सांगावयाचें राहिलें. पहिल्या खेपेचा आलेख निघाला, आणि पहांटे चारच्या सुमारास बरणी सर्वांत थंड असते हें आम्हीं घरीं बसून पाहिलें. पेय सहाव्या दिवशीं आंबलें. मामांनीं दोन पेले घेतले, बाईंनीं अर्धा.

यश पाहून मुख्याध्यापकांनीं बाकीचीं पांच यंत्रें भंगारांत देण्याचें तूर्त थांबविलें आहे. पांचांतही तीच चिप आहे. फाइल एका पेनड्राइव्हवर घालून आम्हीं त्यांच्या टेबलावर नेली, तेव्हां त्यांनीं विचारलें, ‘ही एका यंत्रांतून दुसऱ्यांत घालण्याची तुम्हांस परवानगी आहे काय?’ आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पेनड्राइव्ह परत आणला. तेव्हांपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एकेक यंत्र फोनास बांधतों, आणि तें आपली फाइल आपण उतरवून घेतें. आजवर तीन झालीं.