भाषा खुली, पण बोलणार कोण?

मोबाइलमधले ॲप जसेच्या तसे उचलून लॅपटॉपवर चालवता येत नाही. याची कारणे अनेक, पण सर्वांत खोलवरचे कारण म्हणजे दोन्हींच्या प्रोसेसरची भाषा बहुधा वेगळी असते. बेरीज कर, आकडा साठव, अमुक आज्ञेकडे जा, एवढ्याच साध्या गोष्टी प्रोसेसरला कळतात. त्या शून्य आणि एकच्या कोणत्या मांडणीत सांगायच्या, हे प्रत्येक कुळाने आपापले ठरवले आहे. इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ चिपपासून सुरू झालेले एक्स८६ कूळ बहुतेक विंडोज संगणकांत आहे, तर ब्रिटनच्या केम्ब्रिजमध्ये जन्मलेले आर्म कूळ जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये.

या भाषांना मालक आहेत. आर्मची भाषा बोलणारी चिप बनवायची तर परवाना आणि स्वामित्वधन आले. २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवेवर निर्बंध घातले, तेव्हा ब्रिटनमधल्या आर्मनेही काही काळ त्या कंपनीशी व्यवहार थांबवले होते.

त्यामुळे कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या रिस्क-फाइव्ह या भाषेकडे भारताने वळणे शहाणपणाचेच. २०१० मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे तिचे काम सुरू झाले. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर तीच बोलतात. केंद्रानेही २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला.

मात्र चिप तयार झाली म्हणजे काम झाले, हा समज महागात पडेल. खुद्द इंटेलला तो पडला. २००१ मध्ये कंपनीने इटॅनियम ही नव्या भाषेची चिप आणली, पण लोकांचे जुने प्रोग्रॅम तीवर रखडत चालत. दोन वर्षांत एएमडीने जुन्याच एक्स८६ भाषेचा ६४ बिटी विस्तार बाजारात आणला आणि पुढे इंटेललाही तोच स्वीकारावा लागला. उलट ॲपलने २०२० मध्ये मॅक संगणक इंटेलकडून आर्मच्या भाषेवर नेले, तेव्हा जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत उलथणारा ‘रोझेटा २’ हा अनुवादक सोबत दिला. वापरणाऱ्यांना फरक फारसा जाणवलाच नाही.

आपल्याकडे मंत्र्यांच्या हातातल्या चिपचे छायाचित्र छापून येते. कंपायलर दुरुस्त करणाऱ्याचे नाव कुठेच नसते. निधी या दुसऱ्या कामाला हवा. आणि सुरुवात लॅपटॉपपासून नको, तर वीजमीटर, पंपांचे नियंत्रक अशा उपकरणांपासून हवी. तिथे जुन्या प्रोग्रॅमचे ओझे कमी, आणि मोठी गिऱ्हाईके सरकारी वीज कंपन्या व पाणीपुरवठा विभागच आहेत.