गाडीचे वय नव्हे, प्रकृती तपासा

१ जुलै २०२५ च्या सकाळी दिल्लीतल्या पेट्रोल पंपांवर पोलीस आणि परिवहन खात्याची पथके उभी होती. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आधीच बसले होते. दहा वर्षांवरचे डिझेल किंवा पंधरा वर्षांवरचे पेट्रोल वाहन पंपावर आले की कॅमेरा ते ओळखणार आणि त्याला थेंबभरही इंधन मिळणार नाही, असा हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाचा आदेश होता. त्याच्या कक्षेत एकट्या दिल्लीतली सुमारे ६२ लाख वाहने येत होती. ३ जुलैला दिल्लीचे पर्यावरणमंत्री मनजिंदरसिंग सिरसा यांनीच आयोगाला पत्र लिहून अंमलबजावणी थांबवायला सांगितले आणि ८ जुलैला आयोगाने ती १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. पुढे १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. १७ डिसेंबरला हे संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या वाहनांपुरते उरले.

सहा महिन्यांत चार वळणे झाली. गाडी प्रत्यक्षात किती धूर ओकते, हे नीट तपासण्याची सोय मात्र त्यांतल्या एकाही वळणावर झाली नाही.

या गोंधळाची किंमत जुनी गाडी रोज वापरणाऱ्या कुटुंबांनी मोजली. इंधनबंदी लागू होताच जुन्या गाड्यांचे भाव ४० ते ५० टक्क्यांनी कोसळल्याचे दिल्लीतल्या चेंबर ऑफ ट्रेड अँड इंडस्ट्री या व्यापारी संघटनेने सांगितले. जेमतेम दहा वर्षे वापरलेल्या महागड्या डिझेल गाड्या मातीमोल भावात काढून टाकल्याच्या बातम्या त्या दिवसांत गाजल्या. पण महागडी गाडी विकणाऱ्याकडे बहुधा दुसरी गाडी असते. करोल बागेच्या बाजारातून दोन-तीन लाखांची वॅगनआर किंवा आय-टेन घेणाऱ्याकडे ती नसते. मेट्रोचे जाळे कितीही पसरले असले, तरी फरीदाबादहून गुरुग्रामला जाणारी थेट मेट्रो नाही. रात्रपाळी करणाऱ्याला, घरात आजारी माणूस असणाऱ्याला, पोरांना शाळेत सोडून पुढे कामावर जाणाऱ्याला ही गाडी चैनीसाठी नको असते. तिच्यावर घरचा दिवस चालतो.

आणि जपलेली गाडी टिकते. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते इंडियन एअरलाइन्सच्या एका दिल्लीकर कर्मचाऱ्याला मिळाली. २०१० मध्ये निधन होईपर्यंत ती गाडी त्यांनी सोडली नाही.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती हवेत दिसते. नोव्हेंबरात दिल्लीत श्वास घेणाऱ्याला ती आकड्यांनी पटवून द्यावी लागत नाही. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने दिल्ली आणि गुरुग्रामच्या रस्त्यांवर धावत्या वाहनांचा धूर दूरसंवेदी यंत्रांनी मोजला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्या अहवालानुसार बीएस-६ खासगी मोटारींतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड बीएस-४ मोटारींपेक्षा ८१ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे गाडी कोणत्या मानकाची आहे, याने मोठा फरक पडतो. म्हणून डिसेंबरच्या आदेशाने वयाऐवजी मानकाकडे पाहिले, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. बीएस-३ आणि त्याखालच्या गाड्यांनी राजधानीच्या रस्त्यांवरून जायला हवे, यात वाद नाही.

पण मानक हे गाडी कारखान्यातून बाहेर पडताना कशी होती ते सांगते, आज ती कशी आहे ते नाही. बीएस-४ गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमला भंगारात चांगला भाव मिळतो. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी तो काढून त्या जागी नुसती नळी जोडण्याचे प्रकार होतात. अशी गाडी कागदावर बीएस-४ राहते आणि विषारी वायू मात्र सरळ हवेत सोडते. शेजारी त्याच सालची, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी उभी असली, तरी सरकारच्या लेखी दोघी सारख्याच. सांभाळणाऱ्याला बक्षीस नाही आणि हयगय करणाऱ्याला शिक्षा नाही. मग पदरचे पैसे घालून इंजिन नीट का ठेवावे, असा प्रश्न मालकाला पडला तर तो त्याचा दोष नव्हे.

हा फरक पीयूसी तपासणीने दाखवायचा. पेट्रोल गाडीसाठी ती मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, तर डिझेलसाठी धुराची घनता. नायट्रोजन ऑक्साइड तिच्या हिशेबातच नाहीत. जे मोजले जाते तेही कसे, हे दिल्ली विधानसभेत १ एप्रिल २०२५ रोजी मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने उघड केले. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०२० या काळात १ लाख ८ हजारांवर वाहनांना मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण नोंदले जाऊनही प्रमाणपत्र देण्यात आले होते. यंत्राने नापास केलेली गाडी कागदाने पास केली.

याहून मोठी उणीव कायद्याच्या रचनेत आहे. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर पीयूसीखेरीज तिची कोणतीही सक्तीची तपासणी होत नाही. पहिली खरी फिटनेस तपासणी पंधराव्या वर्षी, नोंदणीचे नूतनीकरण करताना. पुण्यात किंवा नागपुरात तीत पास झालेल्या गाडीला पुढची पाच वर्षे मिळतात. राजधानी परिसरात नेमक्या त्याच टप्प्यावर राष्ट्रीय हरित लवादाचे २०१४ आणि २०१५ चे आदेश आडवे येत आले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. परिणामी इथली मोटार शोरूममधून भंगारापर्यंतचा प्रवास एकदाही नीट न तपासता पुरा करू शकते. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी, जर्मनी आणि जपानमध्ये तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी गाडीची कसून तपासणी होते. तिथेही जुन्या गाड्या रस्त्यावरून जातात, पण कॅलेंडर पाहून नव्हे, तपासणीत नापास होऊन.

धोरण सुधारेल तेव्हा सुधारेल. आज दिल्लीत, नोएडात किंवा गुरुग्रामात रोजच्या वापरासाठी जुनी गाडी घेणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी आरसी उघडावी. राजधानी परिसरात बीएस-४ मानक १ एप्रिल २०१० पासून लागू झाले, पण देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून आले. २०१० च्या यादीत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती. राज्याचा बराचसा भाग तेव्हा बीएस-३ वरच होता. बदलीवर दिल्लीला निघालेल्या मराठी कुटुंबाला हे माहीत असायलाच हवे, कारण गावाकडे २०१३ साली घेतलेली गाडी वयाने पंधराच्या आत असूनही मानकाने बीएस-३ निघू शकते. हे मानक आरसीवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर पाहता येते.

रोजच्या वापराला डिझेल तर घेऊच नये. प्रदूषणविरोधी कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागला की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींना मनाई होते. मोडल्यास दंड २० हजारांचा. ऐन हिवाळ्यात घरी उभी करावी लागणारी गाडी रोजची कशी म्हणायची? १८ डिसेंबर २०२५ ला, हवा विकोपाला गेलेली असताना, दिल्लीबाहेर नोंदलेल्या आणि बीएस-६ खालच्या मोटारींना राजधानीत येण्यासही मज्जाव झाला. म्हणून खिसा परवानगी देत असेल तर एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ पेट्रोल गाडी, नाहीतर एप्रिल २०१३ नंतरची बीएस-४ पेट्रोल. २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ ही प्रणाली आहे, त्यामुळे साध्या स्कॅनरने इंजिनातल्या दोषांची यादी वाचता येते. नोंदणीची मुदत किती उरली तेही पाहावे. सक्तीची कारवाई होणार नाही, याचा अर्थ नोंदणी आपोआप वाढली असा होत नाही.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. विकणाऱ्याने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. पहिल्या स्टार्टला मागून निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि नदीकाठचे रस्ते बुडाले, गुरुग्राम तर दर पावसाळ्यात तुंबते. पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुऊन चकाचक करता येते, पण पट्ट्याच्या तळाशी चिखलाची रेघ राहते आणि स्टेपनीखालच्या पत्र्यावर गंज. टायरवरचे चार अंकही वाचावेत. २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि पेडलचे रबर गुळगुळीत, असा मेळ दिसला तर मीटर मागे केलेले आहे, असे समजून सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात.

मग कागद. १० नोव्हेंबर २०२५ रोजी लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारीत स्फोट झाला, ती जुनी आय-ट्वेंटी अनेक हातांतून गेली होती आणि नोंदणी शेवटच्या वापरणाऱ्याच्या नावावर नव्हती. पोलीस आधी जुन्या मालकाच्या दारात पोहोचले. गाडी विकून मोकळे झालो असे समजणाऱ्यांना याहून कडक इशारा असू शकत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले की, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, भरपाईच्या दाव्यात मालक तोच. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर झाल्याची खात्री दोघांनीही करावी, कर्जाचा बोजा उतरवून घ्यावा, चलने तपासावीत आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करावा.

गाडी घरी आल्यावरचा खर्च खरेदीच्या वेळीच बाजूला काढलेला बरा. ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट आणि ब्रेक पहिल्याच आठवड्यात बदलून किंवा तपासून घ्यावेत. दिल्लीच्या मे महिन्यात रेडिएटर आणि एसीची खरी परीक्षा होते आणि धुळीने एअर फिल्टर लवकर चोंदतो. आता पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्यांचे मायलेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच म्हटले आहे. इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट यांवर लक्ष ठेवावे, नळी चिकट किंवा फुगलेली दिसली की लगेच बदलावी. सीएनजी किट असेल तर सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी चुकवू नये. सुटे भाग काश्मिरी गेटच्या बाजारात मिळतात, पण ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग पक्क्या बिलासह कंपनीचेच घ्यावेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाचाही या प्रश्नाशी थेट संबंध आहे. राजधानीत नकोशा झालेल्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत जातात आणि तिथल्या बाजारात स्वस्त म्हणून उचलल्या जातात. इथे पासिंग करताना एकरकमी कर पुन्हा भरावा लागतो, तो धरला की स्वस्ताई बरीचशी विरते. आणि दिल्लीच्या हवेला जो धूर नको होता, तो विदर्भातल्या एखाद्या गावाला का चालावा, याचे उत्तर कोणत्याच आदेशात सापडत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. खासगी मोटारीची पहिली सर्वंकष तपासणी पाचव्या वर्षी व्हावी आणि पुढे दर दोन वर्षांनी. ती माणसाचा हात न लागणाऱ्या स्वयंचलित केंद्रात व्हावी आणि ओबीडीतल्या नोंदी तिचा भाग असाव्यात. बेकायदा पीयूसी देणाऱ्या केंद्राचा परवाना जागेवर रद्द व्हावा. पास झालेल्या बीएस-४ गाडीला नोंदणी वाढवून द्यावी, नापास झालेली पाच वर्षांची असली तरी दुरुस्त होईपर्यंत उभी करावी. ज्यांना बीएस-३ गाडी मोडीत काढावी लागेल, त्यांना नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. पण मोडीत काढून पुन्हा जुनीच गाडी घेणाऱ्या कुटुंबाला तिचा उपयोग नाही. ती सवलत जुन्या बीएस-६ गाडीच्या खरेदीलाही लागू करावी. आयोग, दिल्ली सरकार आणि हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान या शेजारी राज्यांनी हे वेळापत्रक पुढच्या ऑक्टोबरआधी जाहीर करावे, म्हणजे हिवाळा लागल्यावर पुन्हा पंपावर पोलीस उभे करायची वेळ येणार नाही.