गोळीची साक्ष



11 जुलै 1997 हा दिवस आपला समाज विसरलेला नाही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि 10 जण शहीद झाले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. पुढे गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. अशा चौकशीत साक्षीदारांइतकीच गोळीची साक्षही मोलाची असते. ती वाचायची कशी, हे आपल्यालाही ठाऊक हवे.

रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत पुढे जाते व तिचा नेम टिकतो. त्या खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात. रिकाम्या पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनचा ठसा राहतो. प्रयोगशाळेत संशयित बंदुकीतून दुसरी गोळी झाडतात आणि दोन्ही गोळ्यांचे ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवून पडताळतात.

जखमही बोलते. गोळी शिरते तिथली जखम बहुधा लहान, कडा खरचटलेली असते. बाहेर पडते तिथे बहुधा मोठी, वेडीवाकडी फाटते. शिरण्याची जखम पाठीवर असेल, तर तो माणूस गोळी लागताना पाठमोरा होता. बंदूक अगदी जवळ असेल, तर कातडीवर वा कपड्यावर काजळी आणि दारूचे कण सापडतात. मात्र हाडावर किंवा दगडावर आपटून गोळी वळतेही. म्हणून एका खुणेवरून निकाल काढू नये, सगळ्या खुणा जुळवाव्यात. नीट पारखून मगच स्वीकारा, ही तर तथागतांचीच शिकवण.

दुःखाच्या भरात घरातली आई-बहीण रक्ताचा सदरा धुवायला घेते. माझ्या भगिनींनो, तो धुऊ नका. सावलीत वाळवा, प्लॅस्टिकमध्ये न बांधता कागदात गुंडाळा आणि पंचनाम्यात नोंद करूनच पोलिसांच्या ताब्यात द्या. रस्त्यावरच्या पुंगळ्या उचलू नका. त्या कुठे पडल्या होत्या, हाही पुरावाच आहे. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागा.

बाबासाहेबांनी आपल्या हाती कायदा दिला. कायद्याला पुरावा लागतो, आणि तो आधी आपल्या घरातच जपला पाहिजे.

जयभीम!