एकतीस मेचे शाल-श्रीफळ

आज ३१ मे. जिल्हा परिषदेपासून तहसील कचेरीपर्यंत आज जागोजागी सेवापूर्तीचे समारंभ होतील. एकाच दिवशी एवढी माणसे निवृत्त होतात, याचे श्रेय जुन्या हेडमास्तरांना. जूनमध्ये शाळेत आणून बसवलेल्या पोराची जन्मतारीख बापाला सांगता आली नाही, की ते रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याची नोकरी आदल्या महिन्याच्या अखेरीस संपते, असा नियम.

फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र. शेजारच्या खुर्चीवरच्या पत्नीची ओटी भरली जाते, निवेदक 'वहिनींनी दोन शब्द बोलावेत' म्हणतो आणि त्या पदर सावरत नकारार्थी मान हलवतात. मग साहेबांचे ठरलेले वाक्य येते : नोकरी निष्कलंक झाली, मुले मार्गी लागली, आता उरलेले आयुष्य समाजाला द्या.

आमचे भांडण या वाक्याशी आहे. आधी नोकरी, मग संसार आणि शिल्लक रजेचे पैसे हाती पडल्यावर समाज, हा समाधानाचा क्रम लावला कुणी? उभ्या नोकरीत ज्याने टेबलापलीकडच्या माणसाकडे मान वर करून पाहिले नाही, त्याला १ जूनच्या सकाळी समाज कुठे सापडणार?

धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ मध्ये, नोकरीत असतानाच. आश्रम हिंगण्याला हलल्यावर कॉलेजचे तास आटोपून ते पायी तिकडे जात. १९१४ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेव्हा त्यांचे वय होते ५८. आज त्याच वयात आपण पेन्शनची कागदपत्रे जुळवत असतो. मात्र निवृत्त झाल्यावर त्यांना समाज आठवला, असे झाले नाही; वीस वर्षे चाललेले कामच पुढे सरकले.

घराला याची किंमत पडली, हेही सांगायला हवे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बाया कर्वे यांच्याशी, पुनर्विवाह केला. बाया स्वतः बालविधवा. आश्रमाचे मोल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी अण्णांनी आपली विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली, तेव्हा त्यांना ते लागले. लागणारच. संसाराची ती ओढाताण बायांनी 'माझे पुराण'मध्ये आडपडदा न ठेवता लिहिली आहे. अण्णांच्या त्यागाचे गोडवे गाताना हे पुस्तकही शेजारी उघडे असावे. घरच्यांना न विचारता केलेल्या दानात निम्मा वाटा त्यांचाच असतो आणि मानपत्रात त्यांचे नाव फक्त 'सौभाग्यवती' म्हणून येते.

सगळ्यांनीच संस्था काढायला हवी, असे मुळीच नाही. (संस्था काढून शेवटी अध्यक्षपदावरून कोर्टात गेलेली मंडळी आपल्याकडे काही कमी नाहीत.) वारसनोंदीसाठी हेलपाटे घालणाऱ्या बाईला नेमका कोणता कागद कमी आहे, हे तलाठ्याला एका नजरेत कळते. पेन्शनची फाईल कुठे अडते, हे लेखा विभागातल्या कारकुनाला तोंडपाठ असते. ज्यांच्या नोकरीची अजून दहा-पंधरा वर्षे बाकी आहेत, त्यांनी घरी विचारून रविवारचा एक तास काढावा, पारावर बसावे आणि लोकांना अर्ज लिहून द्यावेत. पैसे न घेता, हे वेगळे सांगायला नको. पण सांगितलेले बरे.